देश लहान असला की सगळं एकेकच असतं

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातलं जोडपं, दोघंही पस्तिशीच्या आसपास. तो एका ब्रिटिश कंपनीसाठी कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम करतो, ती घरून ग्राफिक डिझाइनची कामं घेते. मुलगी सहा वर्षांची. वर्षभर एखाद्या लहानशा, समुद्रकाठच्या देशात राहून काम करायचं आहे. यादीत मॉन्टेनेग्रो, अल्बानिया आणि मॉरिशस. “कुठे जावं, आणि आमच्या लक्षात काय आलेलं नाही?” असं विचारलंय. आणि शेवटी एक ओळ : आई-बाबांना महिनाभर बोलावता येईल ना?

मी अकरा वर्षं तांत्रिक लेखनाचं काम करते आणि त्यातली बरीचशी ठाण्याच्या घराबाहेर काढली आहेत. मॉरिशसमध्ये दोन खेपांत चौदा महिने राहिले. मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावर, कोटोरजवळ, एका हिवाळ्यात सात आठवडे राहून पाहिलं. अल्बानियात राहिलेले नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. तसाही तो तुमच्या यादीतला ‘लहान’ देश नव्हेच. पुणे आणि सोलापूर जिल्हे एकत्र केले की जेवढे होतात त्याहून थोडाच कमी आहे. मॉन्टेनेग्रो एकट्या पुणे जिल्ह्याहून जरासा लहान. आणि मॉरिशसचं मुख्य बेट? पुणे जिल्ह्यात अशी आठ बेटं मावतील.

हे क्षेत्रफळ मुद्दाम आधी सांगितलं. लोक देश निवडताना किनारा बघतात, घरभाडं बघतात, इंटरनेटचा वेग बघतात. देशाच्या लहानपणाचा हिशोब करत नाहीत. लहान देशात सगळं एकेकच असतं. मॉरिशसच्या बेटावर आंतरराष्ट्रीय विमानतळ एक, वीज देणारी संस्था एक, पाणी देणारी एक. वादळ आलं की ते देशाच्या एखाद्या भागात येत नाही, देशावर येतं. “दोन दिवस नाशिकला मावशीकडे जाऊन येऊ” हा पर्यायच नसतो. याची दुसरी बाजू अशी, की सगळं तासाभराच्या अंतरावर असतं. सरकारी कचेरी, दवाखाना, डोंगर, समुद्र. चूक झाली तर घर बदलायला एक टॅक्सी पुरते. मी तशी चूक केली आहे, पुढे सांगते.

आधी पासपोर्ट. युरोपातल्या मित्रमैत्रिणींचे अनुभव वाचून मॉन्टेनेग्रो सोपा वाटतो, कारण त्यांना तिथे व्हिसा लागत नाही. आपल्याला लागतो. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच), ब्रिटन किंवा अमेरिकेचा वैध व्हिसा हाती असेल तर ३० दिवसांपर्यंतची सूट आहे, पण तीस दिवसांत वर्ष होत नाही. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी तिथे निवास परवाना आहे. मात्र त्याची कागदपत्रं जमवणं, त्यांचं अधिकृत भाषांतर करून घेणं, हे एक वेगळं कामच होऊन बसतं. मॉरिशसला भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, आणि वर्षभरासाठी ‘प्रीमियम व्हिसा’ आहे. तो २०२० च्या अखेरीस, कोविडने पर्यटन बसलं तेव्हा सुरू झाला. मुदत एक वर्ष, नूतनीकरण होतं. मूळ अटी अशा : उत्पन्नाचा उगम मॉरिशसबाहेर असावा, मुख्य अर्जदाराचं मासिक उत्पन्न किमान १,५०० डॉलर, अवलंबून असलेल्या मुलामागे ५०० डॉलर जास्त, आणि प्रवास व आरोग्याचा विमा. स्थानिक नोकरी किंवा स्थानिक गिऱ्हाईक घ्यायचं नाही. तुमच्या पत्नीने हे नीट लक्षात ठेवावं. तिथल्या एखाद्या हॉटेलवाल्याला मेनूकार्ड करून देण्याचा मोह फार लवकर होतो. अर्ज ऑनलाइन होतो. भरण्याआधी त्या दिवशीच्या अटी आणि शुल्क सरकारी संकेतस्थळावर पाहा, कारण अर्थसंकल्पागणिक त्यात हात घातला जातो.

मग घड्याळ. इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर मॉन्टेनेग्रो जिंकतो. ब्रिटनपेक्षा तो एकच तास पुढे आहे. मॉरिशस उन्हाळी वेळेत तीन तास आणि हिवाळ्यात चार तास पुढे. म्हणजे लंडनचे नऊ ते साडेपाच हे तुमचे उन्हाळ्यात दुपारी बारा ते रात्री साडेआठ, आणि हिवाळ्यात एक ते साडेनऊ. पुण्यात बसून तुम्ही आत्ता दीड ते दहा आणि अडीच ते अकरा करताय, त्यापेक्षा दीड तास सुटला. सकाळ पूर्ण तुमची. पण संध्याकाळ गेली, हे समजून चला. मॉरिशसमध्ये जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो. कामानंतर समुद्रावर फिरायला जाण्याचं जे चित्र डोक्यात आहे ते काढून टाका. समुद्र सकाळी सहा ते दहा, जेवण, मग काम. आम्हाला ते आवडलं. ज्यांना पहाटे उठायचा कंटाळा आहे त्यांनी त्या किनाऱ्याचं भाडं उगाच भरू नये.

तुमच्या पत्नीची गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईतली असतील तर तिचं घड्याळ अगदीच सोपं. मॉरिशस भारताच्या दीड तास मागे. इथले साडेनऊ म्हणजे तिथले आठ. एक जण आठ ते चार आणि दुसरा बारा ते साडेआठ. दुपारचे बारा ते चार सोडले तर मुलीला कोणीतरी मोकळं सापडतं. जोडप्याने देश निवडताना दोन घड्याळं शेजारी मांडून बघावीत. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता कराकडे येते, कारण तुमच्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही आणि खरा खड्डा इथेच आहे.

तुम्ही लिहिलंय, “ऑक्टोबरमध्ये निघून पुढच्या सप्टेंबरअखेर परत.” ही तारीख बदला, किंवा निदान तिचा अर्थ समजून घ्या. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. कामासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयाने त्या वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त काढले तर तो निवासी, म्हणजे जगभरातल्या उत्पन्नावर भारतात कर. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर किती दिवस होतात? १८३. म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही निवासी. परत आल्यावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च? १८२. दुसऱ्या वर्षीही निवासी. अख्खं वर्ष बाहेर राहून दोन्ही वर्षं कागदावर पुण्यातच. हेच वर्ष एप्रिल ते मार्च असं काढलंत तर एक संपूर्ण वर्ष तुम्ही अनिवासी ठरू शकता.

गंमत अशी की मॉरिशसचं करवर्ष जुलै ते जून असतं, आणि त्यात १८३ दिवस राहिलात की तुम्ही तिथले निवासी. ऑक्टोबर ते जून म्हणजे २७३ दिवस. म्हणजे तुमच्या मूळ बेताप्रमाणे तुम्ही एकाच वेळी दोन्ही देशांचे निवासी होता. भारत-मॉरिशस दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, त्यात अशा वेळी कोणाचा हक्क आधी याच्या पायऱ्या दिल्या आहेत : कायमचं घर कुठे, जवळचे संबंध कुठे, असं. पुण्यात स्वतःचं घर कुलूप लावून ठेवलेलं असेल तर उत्तर कुठे झुकणार हे तुम्हीच ओळखा.

प्रीमियम व्हिसावाल्यांसाठी मॉरिशसच्या महसूल खात्याची भूमिका सौम्य आहे. कर लागतो तो तुम्ही देशात आणलेल्या पैशावर, आणि परदेशी कार्डाने केलेला खर्च ‘आणलेला पैसा’ धरला जात नाही. किराणा, पेट्रोल, हॉटेल कार्डावर भागतं. भाडं मात्र बहुतेक घरमालक बँकेतूनच मागतात. त्यामुळे किती पैसे तिथल्या खात्यात आणायचे याचा विचार निघण्याआधी करावा. आणि भारतीय कार्ड वापराल तर बँक प्रत्येक खर्चावर परकीय चलनाचं शुल्क लावते, तेही हिशोबात धरा.

आणखी एक. अनिवासी झालात तरी पौंड पहिल्यांदा कोणत्या खात्यात जमा होतात हे महत्त्वाचं आहे. भारतात प्राप्त झालेलं उत्पन्न अनिवाशालाही करपात्र ठरतं. बहुतेकांचे पैसे सवयीने पुण्यातल्याच खात्यात येत राहतात. आणि फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांचा कायदा, त्यातली ‘अनिवासी’ची व्याख्या आयकरापेक्षा निराळी आहे, त्यामुळे खात्याचा प्रकार बदलावा लागतो का हेही विचारा. मी सनदी लेखापाल नाही; मी फक्त एकदा या सगळ्याचा दंड भरलेली बाई आहे. परदेशी उत्पन्नाची कामं करणारा सीए गाठा, सोसायटीतला ओळखीचा नव्हे, आणि तिकीट काढायच्या आधी गाठा.

आता माझी चूक. पहिल्या खेपेला मी क्युरपीपला घर घेतलं. भाडं स्वस्त, बाजार जवळ, नकाशावर सगळं बेटच एवढंसं, तर काय फरक पडतो, असं वाटलं. क्युरपीप बेटाच्या मधल्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरून ओल घेऊन येतात आणि या पठारावर चढताना ती सोडून देतात. आपल्याकडे सह्याद्री जे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचं करतो, तेच. म्हणजे मी समुद्राच्या ओढीने निघाले आणि महाबळेश्वरात जाऊन बसले. जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी. दुपारी अंगावर शाल. आणि तिथून पाऊण तासावर, पश्चिम किनाऱ्यावर, लोक उन्हात पोहताहेत.

म्हणून मॉरिशसमध्ये देश निवडण्यापेक्षा बाजू निवडणं अवघड. पश्चिम किनारा पठाराच्या आडोशाला, त्यामुळे कोरडा आणि उबदार; फ्लिक-आँ-फ्लाक, तामारां, ब्लॅक रिव्हर हे त्या पट्ट्यात. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, तिथे उकाडा चांगलाच होतो. पूर्व किनारा, बेल मार वगैरे, छायाचित्रांत सर्वांत सुंदर. पण जून ते सप्टेंबर वारा थांबत नाही. पतंगासारखं शिड लावून लाटांवर धावणाऱ्यांना तो हवा असतो, लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात बसणाऱ्याला नको असतो. उत्तरेला ग्रां बे आणि पेरेबेर : दुकानं, कॅफे, परदेशी माणसं, एकत्र बसून काम करायच्या जागा, सगळं हाताशी आणि त्या प्रमाणात महाग, गर्दीचं. विमानतळ दक्षिण-पूर्वेच्या टोकाला, म्हणजे ग्रां बेपासून बेटाची सगळी लांबी ओलांडून. मधोमध एबेन आणि मोका : काचेच्या इमारती, माहिती तंत्रज्ञान आणि बँकांच्या कचेऱ्या. तिथे समुद्र दिसत नाही, पण कामाचं सगळं चालतं.

तुमच्यासाठी मी फ्लिक-आँ-फ्लाक किंवा तामारां सुचवेन. दुसऱ्या खेपेला आम्ही फ्लिक-आँ-फ्लाकला होतो. दोन बेडरूमचं, सामानासकट घर महिना ३२ हजार मॉरिशियन रुपयांना मिळालं होतं. त्यांच्या एका रुपयाला आपले पावणेदोन-दोन मोजावे लागतात, तेव्हा साधारण साठ हजार धरा. आम्ही मे महिन्यात गेलो होतो आणि दहा महिन्यांचा करार केला; डिसेंबरात सुट्टीच्या दरात उतरणारा माणूस याच्या बरंच वर भरतो. पहिले दोन आठवडे तात्पुरती जागा घ्या, घर डोळ्यांनी बघून मगच सही करा. बघायला जाताना तीन गोष्टी विचारा. पाण्याची टाकी किती लिटरची आहे? (पुणेकराला हे सांगायला नको, पण पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत तिथे नळाला ठरावीक तासच पाणी असतं.) खिडक्यांना वादळासाठी झडपा आहेत का? आणि फायबरची जोडणी घरात आलेली आहे की ‘येणार आहे’? तिसऱ्याचं उत्तर ऐकून मगच अनामत द्या.

आणि गाडी लागतेच. पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत मेट्रो आहे, भारताच्या मदतीने आणि एल अँड टीच्या हातून बांधलेली, छान आहे. पण ती पठारावरच्या शहरांसाठी. किनाऱ्यावरच्या गावांना बस आहे, आणि ती दिवेलागणीनंतर फार वेळ भेटत नाही. तुमचं काम रात्री संपणार. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, एवढं सोपं.

इंटरनेटची भीती बाळगू नका, पण गृहीतही धरू नका. बेटावर फायबर घरोघरी पोचलेलं आहे. बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलींत जुनी ‘सेफ’, जी आपल्या कोचीलाही टेकते, आणि नंतरची ‘मेटिस’, जी दक्षिण आफ्रिकेकडे जाते, अशा काही आहेत. म्हणजे एका तुटलेल्या केबलीने देश अंधारात जात नाही, पण व्हिडिओ कॉल रडायला लागतात. माझा नियम : घरात फायबर एका कंपनीचं, फोनमधलं सिम दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही माय-टी किंवा दोन्ही एमटेल असं करायचं नाही. लॅपटॉप आणि राउटर दोन्हींना चालेल असा एक छोटा इन्व्हर्टर. आणि आपली गोल पिनची प्लग तिथे बसत नाहीत. चौकोनी तीन पिनांची ब्रिटिश पद्धत आहे, कुठे कुठे फ्रेंच दोन पिनांचीही. दोन चांगले ॲडॅप्टर इथूनच न्या.

वादळाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमचा मूळ बेत ऑक्टोबरचा आहे आणि वादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे. चेतावणी चार पायऱ्यांची असते. पहिली लागली की लोक शांतपणे मेणबत्त्या, पाव आणि डबाबंद मासे घ्यायला जातात. दुसरीला शिड्या बाहेर येतात, खिडक्या बंद होतात. तिसरी लागली की बस, दुकानं, कचेऱ्या बंद आणि सगळे घरात. चौथी म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झाले. २०२४ च्या १५ जानेवारीला ‘बेलाल’ वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून गाड्या वाहून गेल्या. लोकांना घरी जायला उशीर झाला आणि पाणी त्यांच्या आधी पोचलं. हे ऐकून जायचं रद्द करू नका. बहुतेक वादळं बाजूने निघून जातात आणि घरं काँक्रीटची असतात. पण कंत्राटातच लिहून घ्या, की वर्षाकाठी दोन-तीन दिवस तुम्ही अजिबात ऑनलाइन नसाल. माझ्या एका गिऱ्हाईक कंपनीला ‘राष्ट्रीय चेतावणी’ हे कारण निमित्त वाटलं होतं. त्यानंतर मी ते आधीच कागदावर आणते. आणि सॉफ्टवेअरची एखादी महत्त्वाची आवृत्ती बाहेर काढायची असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत त्याची एकटी जबाबदारी अंगावर घेऊ नका.

मॉन्टेनेग्रोबद्दल इथेच एक वाक्य देणं लागते, म्हणजे तुलना एकतर्फी नको. तिथे असं वादळ नाही, चलन युरो, निसर्ग असा की बोलती बंद. पण जुलै-ऑगस्टमध्ये किनारा पर्यटकांनी इतका भरतो, की बारमाही करार करायला मालक नाखूश असतात. वर्षभराच्या भाडेकरूला जूनमध्ये निघायला सांगणं हा तिथला रिवाजच. आणि हिवाळ्यात, मी होते तेव्हा, अर्धं गाव बंद, कोटोरच्या खाडीमागे डोंगराची भिंत, दुपारी तीनलाच सावली, आणि पाऊस. त्या खाडीमागचे ओर्येन डोंगर युरोपातल्या सर्वांत पावसाळी जागांपैकी आहेत, हे मला तिथे छत्री उलटल्यावर कळलं. दोघंच असता आणि तुमचं घड्याळ फक्त लंडनचं असतं तर मी तरीही त्याचा विचार करा म्हटलं असतं.

पण तुमच्याबरोबर सहा वर्षांची मुलगी आहे, आणि घरात मराठी आहे.

मॉरिशसमध्ये मराठी माणूस पाहुणा म्हणून पोचत नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जे भारतीय गेले, त्यांत रत्नागिरी-सातारा बाजूचे लोक होते. पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर ते उतरले तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसा आहे. मुलीला घेऊन एक सकाळ तिथे जा. त्यांचे वंशज घरात आता मुख्यतः क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलतात. शाळांत मराठी हा विषय घेता येतो, पण तुमच्या मराठीला ते क्रिओलमध्ये उत्तर देतील, तेव्हा हिरमुसू नका. भाषा सुटली, देव सुटला नाही. गणेश चतुर्थी तिथे राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि गंमत बघा, सुट्टी चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी असते. मी पहिल्या वर्षी कॅलेंडर चुकलं असं समजले. मग शेजारच्या आजींनी सांगितलं : “विसर्जन!” दीड दिवसाचा गणपती. कोकणातून नेलेली रीत देशाच्या सुट्ट्यांच्या यादीत जाऊन बसली आहे. दुपारी रस्त्यावर लेझीम नव्हती, पण झांजा होत्या, आणि आरतीचे शब्द थोडे झिजलेले, चाल मात्र ओळखीची. मला रडू आलं, हे कबूल करते. आणि पुढच्या क्षणी त्याच आजींनी हातावर मोदक ठेवला तो केवढा तरी गोड होता.

भाजीबाजारात मात्र नव्याने शिकायचं. भेंडी म्हणजे ‘लालो’, कारलं ‘मार्गोझ’, दोडका ‘पिपांगाय’, आणि शेवग्याचा पाला ‘ब्रेद मुरूम’. सगळं मिळतं. कात्र बॉर्नचा आठवडी बाजार मला सुपरमार्केटपेक्षा निम्म्यात पडायचा. दुकानातलं चीज, सफरचंद, न्याहारीचे डबे, जे जहाजाने येतं ते महाग. जे बेटावर पिकतं ते खा. कामाच्या दिवशीचं आमचं जेवण म्हणजे कोपऱ्यावरच्या गाडीवरची ‘ढोल पुरी’. आपल्या डाळ भरलेल्या पुरीचीच वंशज, मऊ, पोळीसारखी, वर घेवड्याची रस्सेदार उसळ आणि मिरचीची चटणी. जोडीने विकतात. एक मागितलीत तरी दोनच मिळतील.

शाळेचं लवकर ठरवा. तिथल्या सरकारी पद्धतीचं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि फ्रेंच पद्धतीच्या शाळांचं ऑगस्टच्या अखेरीस. आपला जून दोन्हीत बसत नाही. खासगी इंग्रजी शाळांचं शुल्क तुमच्या भाड्याच्या बरोबरीला येऊ शकतं, आणि बहुतेक लोक घरभाडं काढून उरलेल्या आकड्यात शाळा बसवायला जातात. आधी शाळा, मग तिच्या आसपास घर. पहिलीचं वय आहे, वर्षभर घरी शिकवलं तरी फार बिघडत नाही असं माझं मत; पण मुलीला सवंगडी हवेत, आणि ते समुद्रावर रोज एकच भेटत नाहीत. दर आठवड्याला नवी मुलं येतात आणि जातात. माझ्या भाचीला तिसऱ्या आठवड्यात त्याचा कंटाळा आला होता.

तर माझा सल्ला असा. ऑक्टोबर सोडा, मार्चअखेर निघा. वादळांचा काळ ओसरत आलेला असतो, भाडी खाली असतात, आपलं आर्थिक वर्ष आणि तुमचं वर्ष एकत्र सुरू होतं, आणि पहिले सहा महिने हवा उत्तम. त्याआधी जमलं तर फेब्रुवारीत दहा दिवस पर्यटक म्हणून जाऊन या. त्यांचा सर्वांत दमट, सर्वांत वादळी महिना. तो चालला तर बाकीचे अकरा चालतील.

आई-बाबांचं : जरूर बोलवा. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तासांचं, वाटेत बदलायचं नाही. पर्यटक म्हणून आले की त्यांना आधी व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि विम्याचा कागद हातात असू दे. जून-जुलैत बोलावलंत तर पश्चिम किनाऱ्यावर घोंगडीसुद्धा लागत नाही. फक्त आईंना सांगा, आंब्याची पेटी आणू नका. ताजी फळं, रोपं, बियाणं परवान्याशिवाय नेता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात. तिथला आंबा डिसेंबरात येतो.